नक्कल, निरीक्षण आणि कल्पना : अंबरनाथच्या शिवालयातले १८६८ चे कलाविद्यार्थी

मराठीत 'नक्कल' हा शब्द मान खाली घालूनच वावरतो. परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी दोषी ठरतो, नकलाकाराला आपण हसून दाद देतो पण त्याला नट म्हणताना कचरतो, आणि एखाद्या कवितेला 'अनुकरण' म्हटले की तिचा निकाल लागतो. 'कल्पना' आणि 'प्रतिभा' या शब्दांना मात्र आपल्या समीक्षेत मानाचे पान असते. कलेच्या विद्यार्थ्याविषयी बोलतानाही आपण हीच विभागणी गृहीत धरतो. त्याने वारशापासून 'प्रेरणा' घ्यावी आणि पुढचे काम कल्पनेवर सोपवावे, असे सांगितले जाते. ही प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर सहसा कोणी देत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे सापडते. १८६८ साली मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमधील, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या पूर्वरूपातील, विद्यार्थी अंबरनाथच्या शिवमंदिरात काम करण्यासाठी गेले. मंदिराची रेखाटने करणे आणि शिल्पांचे साचे घेणे हे त्यांचे काम होते, थोडक्यात, नक्कल. त्या नकलेतून पुढे काय निपजले आणि आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील विद्यार्थ्याला तिच्यातून काय घेता येईल, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मंदिर आणि त्याचा काळ

अंबरनाथचे शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहारांनी बांधले. मंदिरातील संस्कृत शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आहे. लेख मुम्मुणी (माम्वाणी) राजाच्या काळातला असला, तरी त्यात त्याचा थोरला भाऊ छित्तराज याच्या नावाने या वास्तूचा उल्लेख येतो. त्यामुळे छित्तराजाने आरंभलेले काम मुम्मुणीच्या काळात पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही नावे अगदीच परकी नाहीत. 'उदयसुंदरीकथा' हे संस्कृत चंपूकाव्य लिहिणारा सोड्ढल याच छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तीन भावांच्या आश्रयाला होता. ज्या दरबारात शब्दांची अशी आरास चालली होती, त्याच दरबाराने वालधुनीच्या काठी ही पाषाणाची आरासही उभी केली.

मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखरावर खालून वर जाणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात, आणि त्यांच्या मधल्या भागात लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने चढत जातात. मोठ्या शिखराच्या अंगावर त्याचीच छोटी रूपे कोरलेली असतात, म्हणजे वास्तू स्वतःचीच नक्कल करीत वर जाते. अंबरनाथला सभामंडप जमिनीच्या पातळीवर आहे; गाभाऱ्यात जायला मात्र पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेरच्या भिंतींना इतके कोन आहेत की सपाट भिंत जवळपास उरतच नाही. प्रत्येक कोनावर देवदेवता, सुरसुंदरी, पशू आणि वेलबुट्टी आहे. शिखराचा माथा आज शिल्लक नाही. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतले आणि उजाडल्यामुळे ते अपुरे राहिले, अशी कथा लोक सांगतात. तुटलेल्या माथ्याचा अर्थ लोकमानसाने आपल्या पद्धतीने लावला आहे. तीही कल्पनाच होय.

नकलेची मोहीम

विद्यार्थ्यांना येथे पाठवण्यामागे एक मोठी घडामोड होती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात युरोपातील राजघराण्यांच्या प्रतिनिधींनी एक करार केला. आपापल्या देशांतील श्रेष्ठ कलाकृतींच्या प्रतिकृती करून त्यांची देवाणघेवाण करावी, असा तो करार होता. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे हेन्री कोल त्यामागे होते. याच सुमारास हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची चित्रे, छायाचित्रे आणि साचे तयार करण्याचे सरकारने मनावर घेतले. सांचीच्या तोरणाचा साचा १८६९ नंतर घेतला गेला तो याच ओघात. मुंबई इलाख्यात निवड झाली ती अंबरनाथची. निवडीला सोयीचीही जोड असावी, कारण कल्याणहून पळसदरीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ सालीच या भागातून गेला होता.

स्कूल ऑफ आर्ट त्या वेळी अवघी अकरा वर्षांची होती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये ती सुरू झाली होती. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तेथे शिक्षक म्हणून आले. शाळेतील जुने शिक्षक जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अंबरनाथचे काम झाले. पुढे जेम्स बर्जेस यांच्या 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकातून मंदिराची चित्रे अभ्यासकांपर्यंत पोहोचली आणि या वास्तूला विद्वानांच्या जगात स्थान मिळाले.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या कामाचा उल्लेख आपल्याकडे येतो तो 'टेरी आणि त्यांचे विद्यार्थी' असा. टेरींना नाव आहे, विद्यार्थ्यांना अनेकवचन आहे. वसाहतकालीन कलाशिक्षणाची एक धारणा या व्याकरणातच दिसते. हिंदी माणसाचा हात कुशल आहे, त्याला तपशील उत्तम उतरवता येतो, पण रचनेचा विचार त्याला शिकवावा लागेल, असे त्या काळातील अनेक अधिकारी मानत. हात तुमचा आणि डोके आमचे, अशी ही वाटणी होती. नक्कल हा शब्द आपल्याकडे इतका खालच्या पायरीवर का बसला, याचे एक कारण या वाटणीतही शोधता येईल.

नकलेत काय काय करावे लागते

ही वाटणी कितपत खरी होती? मंदिराचे रेखाटन करताना विद्यार्थ्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते पाहिले की तिचा फोलपणा कळतो.

पहिला प्रश्न निवडीचा. शेकडो मूर्ती आणि हजारो कोन असलेल्या भिंतीतून कोणता भाग घ्यायचा? दुसरा प्रश्न जागेचा. कोनाकोनांनी आत-बाहेर जाणारी भिंत सपाट कागदावर आणायची, तर तिला एका दृष्टिकोनात बांधावे लागते. तलविन्यास काढणारा तर वरून पाहतो, म्हणजे जिथे त्याचे शरीर कधीच जाऊ शकत नाही तिथून. हे केवळ हाताचे काम नाही. मनात वास्तू उचलून, आडवी कापून, पुन्हा मांडल्याशिवाय तलविन्यास निघत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो झिजलेल्या, तुटलेल्या भागाचा. मूर्तीचा हात गळून पडला आहे, चेहरा पावसाने पुसला आहे, शिखराचा माथा नाही. दिसते तेवढेच काढायचे की पूर्वी असेल ते पुरे करायचे? पुरे केले तर इतिहासाशी अप्रामाणिकपणा होतो. तसेच सोडले तर पाहणाऱ्याला मूळ रचनेचा अंदाज येत नाही. म्हणून कुठे थांबायचे हे कळण्यासाठी त्या हाताची मुद्रा काय असू शकेल, हे आधी कल्पून पाहावे लागते आणि मग ती कल्पना कागदावर न उतरवण्याचा संयम पाळावा लागतो. कल्पना आवरण्यासाठीही कल्पना लागतेच.

साचा घेणाऱ्याचे काम आणखी वेगळे. त्याचा संबंध डोळ्यापेक्षा स्पर्शाशी अधिक. साच्यात उंच ते खोल आणि खोल ते उंच होते. मूर्तीची उलट प्रतिमा मनात धरूनच त्याला काम करावे लागते. आठ शतकांपूर्वीच्या पाथरवटाने छिन्नी कुठे तिरपी धरली, कुठे सुटा घाव घातला, हे त्याच्या बोटांना आधी कळते. ग्रंथातून न मिळणारे शिलाहारकालीन ज्ञान असे बोटांमधून एकोणिसाव्या शतकात आले.

साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकापुढेही हेच प्रश्न असतात. गळालेले अक्षर भरायचे की जागा मोकळी ठेवायची? अपरिचित शब्द परिचित करून लिहायचा की जसाच्या तसा? आपली सारी पाठचिकित्सा लेखनिकांच्या या लहान लहान निर्णयांवर उभी आहे.

एका अंकाची गोष्ट

नीट पाहण्याचे मोल किती असते, याचे उदाहरण याच मंदिराने दिले आहे. अंबरनाथचा शिलालेख प्रथम अभ्यासला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले. त्यानुसार मंदिर इ. स. ८६० चे ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेख पुन्हा वाचला आणि पहिला अंक सात नसून नऊ आहे, वर्ष ९८२ आहे, असे दाखवले. एका अंकाच्या वळणाने मंदिर दोनशे वर्षे पुढे आले आणि शिलाहार राजांच्या वंशावळीत आपल्या जागी बसले.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. भाऊ दाजींनी त्यांना बोलावून घेतले होते ते देशभर हिंडून शिलालेखांच्या हस्तप्रती करण्यासाठी. म्हणजे नकलाकार म्हणून त्यांची कारकीर्द घडली. वर्षानुवर्षे अक्षरे उतरवता उतरवता अक्षरांच्या वळणांची जी ओळख त्यांना झाली, तिच्या बळावर त्यांनी आपल्या आश्रयदात्याचे वाचन दुरुस्त केले. यात भाऊ दाजींचे मोठेपण उणावत नाही. ज्याने प्रथम वाचले त्याच्यामुळेच दुसऱ्याला दुरुस्त करता आले. पण नक्कल करणारा हात पुढे इतिहासकाराचा हात होतो, हे भगवानलालांनी सिद्ध केले. अक्षीच्या शिलालेखाच्या काळाविषयीचा वाद ज्याने अभ्यासला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

नकलेतून निर्मितीकडे

अंबरनाथनंतर स्कूल ऑफ आर्टने याहून मोठे काम हाती घेतले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केल्या होत्या; त्यांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत जळाल्या. ते काम १८७२ मध्ये ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने सुरू केले आणि ते १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे चित्रकार याच कामात तयार झाले. या प्रतींपैकीही अनेक १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. दैवाचा खेळ असा की मूळ चित्रे लेण्यांत हळूहळू विरत होती आणि त्यांच्या प्रती सुरक्षित मानलेल्या लंडनमध्ये जळत होत्या.

तरीही त्या प्रती करणाऱ्यांचे हात आणि डोळे उरले, आणि खरा लाभ तिथे होता. अंबरनाथला देखरेख करणाऱ्या टेरींनीच पुढे मुंबईत मातीच्या भांड्यांचा कारखाना चालवला. त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या आकृतींवरून केलेली नक्षी आली. लेण्याच्या भिंतीवरचे चित्र सुरईच्या गोलाईवर आणायचे तर ते जसेच्या तसे येत नाही. ताणावे, आवळावे, काही गाळावे लागते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या इमारतीवरील मोर, सिंह, पानाफुलांचे नक्षीकाम यांतही ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून अंबरनाथ किंवा बदलापूर लोकल पकडणारा प्रवासी रोज त्या दगडांखालून जातो.

पुढची पायरी गणपतराव म्हात्रे यांची. १८९६ च्या सुमारास, विशीच्या आसपासच्या या विद्यार्थ्याने 'मंदिरपथगामिनी' ही पूर्णाकृती मूर्ती घडवली. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ती मराठी तरुणी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात गाजली. जॉर्ज बर्डवूड यांनी तिची वाखाणणी केली. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ मध्ये तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने या मूर्तीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. शरीररचनेचे तंत्र युरोपीय आहे, ते शाळेत ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर प्रतींवरून गिरवलेले आहे. परंतु विषय देवळातला नाही, देवळाच्या वाटेवरचा आहे. म्हात्रे यांनी वारशातील मूर्ती उचलून आणली नाही. त्या मूर्तीकडे जाणारे माणूस त्यांनी पाहिले. वारसा दगडात असतो तसा त्याच्याशी नाते ठेवणाऱ्यांच्या चालण्या-बोलण्यातही असतो, ही जाण त्यामागे आहे.

इथे विद्यार्थ्याला नाव मिळाले. पुढे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी याच संस्थेत विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून घालवलेल्या काळाचे 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' (१९४०) हे आत्मकथन मराठीत लिहिले, तेव्हा विद्यार्थ्याला स्वतःचा आवाजही मिळाला. 'टेरी आणि त्यांचे विद्यार्थी' या वाक्यातील अनेकवचन सुटायला सत्तर वर्षे लागली.

वारसा म्हणजे कोणता?

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याला हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांनी भारतीय परंपरेच्या पुनरुज्जीवनाचा आग्रह धरला, आणि मुंबईची शाळा पाश्चात्त्य वास्तववादाची गुलाम आहे अशी टीका झाली. ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये मुंबईच्या शाळेचे प्रमुख झाले. त्यांनी एकीकडे मानवाकृतीच्या अभ्यासाला बळ दिले, तर दुसरीकडे भित्तिचित्रणाचा वर्ग काढला. पुढे जगन्नाथ अहिवासी यांनी भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचे अध्यापन केले. हा वाद 'आपले' आणि 'परके' या शब्दांत झाला. पण पाहणे आणि न पाहता उचलणे यांतला भेद त्यात बराचसा बाजूला पडला. अजिंठ्याच्या धर्तीचे डोळे काढले की चित्र भारतीय होते, ही समजूत ग्रीक नाक काढले की ते अभिजात होते या समजुतीइतकीच उथळ आहे.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न अधिक समंजसपणे हाताळला होता. मम्मट अकराव्या शतकातला, म्हणजे काश्मीरचा असला तरी काळाने अंबरनाथच्या मंदिराचा शेजारी. काव्याच्या उगमाचा विचार करताना त्याने तीन गोष्टी एकत्र मांडल्या : जन्मजात शक्ती, लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वीची काव्ये पाहून येणारी निपुणता, आणि जाणकाराच्या शिकवणीनुसार केलेला अभ्यास. महत्त्वाचे असे की हे तीन वेगळे हेतू नाहीत, तिन्ही मिळून एकच हेतू आहे, असे तो मानतो. प्रतिभा वरच्या मजल्यावर आणि अभ्यास तळघरात, अशी वाटणी त्याच्याकडे नाही. अंबरनाथच्या विद्यार्थ्यांनी जे केले ते निपुणता आणि अभ्यास या दोन नावांनी ओळखता येईल. म्हात्रे यांच्या मूर्तीत त्यांना शक्तीची साथ मिळाली.

आजच्या तीन शहरांत

अंबरनाथचे मंदिर आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. डॉ. कुमुद कानिटकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथलेखन केले आहे. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, आणि अलीकडच्या वर्षांत परिसरात कला महोत्सवही होऊ लागला आहे. मात्र मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी अनेक वर्षे कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेत आली, आणि शहर मंदिराच्या अगदी जवळ येऊन ठेपले. दगड झिजतो आहे. प्रत्येक पावसाळ्यात एखाद्या चेहऱ्याची एखादी रेषा कमी होते. म्हणून आज विद्यार्थ्याने केलेले प्रामाणिक रेखाटन हे उद्याचे दस्तऐवज ठरू शकते. मोबाईलमधील छायाचित्राने ही गरज संपत नाही. छायाचित्र क्षणात सर्व काही घेते. रेखाटणारा दोन तास एका कोनापुढे बसतो आणि त्याला काय घ्यायचे ते ठरवावे लागते.

शेजारच्या उल्हासनगरचा वारसा निराळा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांची देवळे, घाट, वाडे सिंधमध्ये राहिले. सोबत आले ते झुलेलालाची उपासना, अजरकची नक्षी, खाद्यपदार्थ आणि अरबी वळणाच्या लिपीतील वह्या, ज्या आज अनेक घरांतील नातवंडांना वाचता येत नाहीत. इथल्या विद्यार्थ्याने साचा कशाचा घ्यायचा? मूळ वास्तू समोर नाही. आजीच्या आठवणीतले अंगण तेवढे आहे. येथे त्याला १८६८ च्या विद्यार्थ्यांचाच संयम लागेल. जेवढे आठवते तेवढे काढायचे, गळालेला भाग गळालेलाच दाखवायचा, आणि न वाचता येणारे अक्षर न वाचता येणारे म्हणूनच चित्रात आणायचे.

बदलापूरच्या भोवती अजून आदिवासी पाडे आहेत, आणि शाळकरी प्रकल्पांत वारली आकृत्या हमखास दिसतात. त्रिकोणी धड आणि काडीसारखे हातपाय काढणे सोपे असते. पण मूळ चित्र सुवासिनींनी लग्नाच्या वेळी भिंतीवर काढलेला चौक होता, त्याला विधीचा संदर्भ होता. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ते कागदावर आणले तेव्हा विधीपासून सुटलेल्या रेषेला त्यांनी रोजच्या जगण्याचे विषय दिले. मासेमारीचे जाळे, शेत, मुंग्यांची रांग. त्यांनी परंपरा आतून ओळखली होती म्हणून ती बदलता आली. कापडी पिशवीवर छापलेली वारली आकृती मात्र कुणीच पाहिलेली नसते, ती नकलेची नक्कल असते. नकलेला आपण जो दोष देतो तो खरे म्हणजे या दुसऱ्या प्रकाराला द्यायला हवा.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे विषय ओळीने येत राहिले. समोरचे पाहणे, पाहिलेले आठवणे आणि आठवलेल्यातून नवे रचणे, हा क्रम कोणी ठरवून लावला असो वा नसो, तो शहाणपणाचा आहे. वारशापासून प्रेरित होऊन काही घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आपण बहुधा थेट तिसऱ्या पायरीवर उभे करतो, आणि मग त्याच्या कामात ओम, कमळ, मोर आणि घुमट यांची तीच ती मांडणी दिसली की त्याच्या कल्पनाशक्तीला बोल लावतो. दोष कल्पनेचा नसतो. तिला पाहायलाच मिळालेले नसते. भाषेच्या वर्गातही याहून निराळे काही घडत नाही. ओवी न वाचता, तिची एकही नक्कल न उतरवता 'परंपरेचे नवे आकलन' या विषयावर निबंध लिहून घेतले जातात.

१८६८ मध्ये अंबरनाथला गेलेल्या त्या मुलांना कोणी प्रेरणा घ्या असे सांगितले नव्हते. मोजा, काढा, साचा घ्या एवढाच हुकूम होता, आणि तोही परक्या संग्रहालयांच्या हौसेसाठी दिलेला. त्या हुकमाची वृत्ती आपण नाकारू शकतो, नाकारलीच पाहिजे. पण त्यांनी पाळलेली शिस्त टाकून देण्याचे कारण नाही. ती शिस्त आता आपल्या विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी, स्वतःच्या नावानिशी वापरायची आहे.